मागची सीट

लिबोरिओ मामा सायकलवर बसला तो कोट घालूनच.
मे महिना आहे म्हटलं,
तर म्हणाला, एस्कांदोनच्या खिंडीला कॅलेंडर वाचता येत नाही.

दोघांची सायकल. भाड्याची. तेरुएलच्या दुकानातल्या पोरानं
त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि मागची सीट दोन बोटं खाली घेतली.
बोलला काही नाही. पैसे मात्र पुरे घेतले.

खिंड येईपर्यंत मामा गप्प.
खिंड ओलांडली आणि पाठीमागून आवाज सुरू झाला:
"आता डाव्या हाताला भिंत. दगडी, पोट सुटलेली."
आली.
"आता उतार. डोळ्यांना कळायचा नाही, मांड्यांना कळेल."
कळला.
हँडल माझ्याकडे, दोन्ही ब्रेक माझ्याकडे,
रस्ता त्याच्याकडे.

बाविसाव्या वर्षी इथले अकरा किलोमीटर त्याच्या नावावर होते.
रोज पायी. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा.
रुळावर ठोकायचं आणि कान द्यायचा:
धड रूळ घंटेसारखा बोलतो,
तडकलेला खोकतो.
खनिजानं भरलेल्या वाघिणी समुद्राकडे उतरत,
रिकाम्या कण्हत वर येत,
आणि वाळत घातलेली कापडं गावभर लाल होत.
मुकादम ओरडायचा, डोळ्यांत तेल घालून बघा!
मामा म्हणतो, जे नुसते बघत होते
त्यांच्याच हद्दीत गाड्या घसरल्या.

मग रूळ भंगारात गेले, स्लीपर कुणाकुणाच्या गोठ्यात,
आणि मामा हॅमच्या वखारीत.
सव्वीस वर्षं मिठात हात,
आणि डोळे नेले साखरेनं.
हा विनोद त्याचाच. दर जेवणाला एकदा होतो.

"वेग कमी कर, ओरोसिया. फाटक येतंय.
एन्ग्रासियाचा कुत्रा धरतो पायाला."
मी वेग कमी केला.
फाटक नव्हतं. घर नव्हतं. कुत्र्याचा तर प्रश्नच नाही.
"मामा, इथं महामार्ग झालाय.
आपण त्याच्या खालून चाललोय, सिमेंटच्या नळीतून."
डोक्यावरून एक ट्रक गेला, लांबलचक.
पुढचे दोन किलोमीटर तो नुसते पेडल मारत राहिला,
माझ्याहून जोरात.

म्हणून बोगद्यात मी खोटं बोलले.
गार हवा तोंडावर आली तसा तो म्हणाला,
"आता तुलाही काही दिसत नसेल. घाबरू नको, सरळ धर.
उजवीकडे पाणी ठिबकतं, तिकडे जाऊ नको."
आम्ही आत शिरलो आणि छतावरचे दिवे
आपोआप लागत गेले, एकामागून एक.
भिंतीवर कुणीतरी रंगवलेलं हृदय, खाली तारीख.
खडी न् खडी दिसत होती.
"दिसतंय का काही?"
"नाही," मी म्हटलं. "मिट्ट काळोख."
"मग मी सांगतो तसं चल."
चालले. उजवीकडे खरंच ठिबकत होतं.

बाहेर आलो. ऊन. रानजवसाचा वास, का कसला तो.
मामानं नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी केली
आणि रिपोर्ट द्यावा तसा म्हणाला,
"तिसरा दिवा मरायला टेकलाय. गुणगुणतोय.
कळव कुणाला तरी."

मी काय बोलणार.
कान लाल झाले, तेवढं बरं की ते त्याला दिसत नव्हतं.

पुढे एक दगड होता, आकडा पुसलेला.
त्यानं थांबायला सांगितलं, खाली उतरला,
दगडाच्या डोक्यावरून हात फिरवला,
मग बुटाच्या टाचेनं एकदा ठोकलं.
"इथं हद्द संपते माझी," म्हणाला.
"पलीकडे सार्रिऑनचा माणूस यायचा. आम्ही तंबाखू बदलायचो.
त्याच्या बाजूचं मला काही माहीत नाही."
समुद्र अजून शंभरावर किलोमीटर.
तो मागच्या सीटवर चढला, कोटाची बटणं काढली,
आयुष्यात पहिल्यांदा उतारू होऊन बसला.
"हं. आता तू सांग."

डावीकडे, मी सुरुवात केली,
डावीकडे काहीतरी पांढरं आहे. बदाम असेल.
"मे महिन्यात?"
थांब जरा, मामा. थांब.
बघू दे.